एका व्हरांड्यातले पाच दिवस : मे महिन्यात घरच्यांसोबत डोंगरावर राहिलेल्यांनी लिहा

लालमाती | २४ मे, रात्री १०:१२

परवा माथेरानहून परत आलो. पाच रात्री, आठ माणसं : आई-बाबा, दादा-वहिनी, त्यांची नऊ वर्षांची लेक, मी, माझा चौदा वर्षांचा मुलगा आणि शुक्रवार रात्रीपासून माझा नवरा. बॅगा अजून हॉलमध्येच पडल्यात, पण हे आधी लिहून काढावंसं वाटलं.

बाबांना गेली सहा-सात वर्षं कमी ऐकू येतं. कानाचं यंत्र आहे, पण ते सगळंच मोठं करतं. मिक्सर, खालून जाणारी बस, टीव्ही, वरच्या मजल्यावरचं ड्रिल, सगळं. जेवायला बसल्यावर चार जण एकदम बोलायला लागले की बाबा यंत्र काढून खिशात ठेवतात आणि ताटात बघून जेवत राहतात. आम्हाला त्याची सवय झाली होती. सवय झाली होती हेच वाईट, असं आता वाटतं.

माथेरानला दस्तुरी नाक्याच्या पुढे मोटारगाडी जात नाही. हे आम्हाला लहानपणापासून माहीत आहे, शाळेच्या सहलीत सांगितलेलं असतं. पण त्याचा बाबांशी काही संबंध असेल असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही सगळे व्हरांड्यात बसलो होतो. वहिनी हळू आवाजात मला म्हणाली, "करवंदं बरीचशी कच्चीच निघाली गं, लोणचं घालूया का?" आणि पलीकडच्या खुर्चीतून बाबा म्हणाले, "आधी एक दिवस मिठात मुरव."

आम्ही दोघी त्यांच्याकडे बघतच राहिलो. यंत्र कानातच होतं आणि मागे दुसरा कुठलाच आवाज नव्हता. लांब घोड्याच्या टापा, मध्येच माकडांची झटापट, बाकी शांत. त्या दिवसापासून बाबा बोलायला लागले. पाच दिवसांत जितकं बोलले तितकं गेल्या दोन वर्षांत बोलले नसतील.

पहिला दिवस मात्र आम्ही वाया घालवला. दादाने यादी करून आणली होती : सकाळी हे तीन पॉइंट, जेवून ते दोन, सूर्यास्ताला पॉर्क्युपाइन पॉइंट. धुळीत चालून भाची रडकुंडीला आली, आई एका दगडावर बसली ती उठेना, मुलगा सगळ्यांच्या पन्नास पावलं पुढे. सूर्यास्त बघितला, पण कोण कुणाशी बोलत नव्हतं. रात्री वहिनी म्हणाली, "उद्या मी कुठेही येणार नाही. मी इथे बसणार आहे." दादाने यादी खिशात घातली, ती परत काढली नाही. खरी सुट्टी तिथून सुरू झाली.

सकाळी साडेपाचला, अजून उजाडायचं असताना, कुणीतरी शीळ घालायचं. मुलाला वाटलं बंगल्यामागे कुणी पोरगा आहे, दोनदा बाहेर जाऊन बघून आला. तिसऱ्या दिवशी तिथल्या स्वयंपाक्याने सांगितलं, तो शीळकरी कस्तूर. काळानिळा पक्षी, पाऊस जवळ आला की पहाटेपासून गातो, अगदी माणसाने रमतगमत शीळ घालावी तसा. बाबांना ती शीळ यंत्र लावूनही ऐकू येईना, बारीक आवाज त्यांच्यापर्यंत पोचतच नाहीत. तर माझा मुलगा त्यांच्या खुर्चीशेजारी उकिडवा बसला आणि त्याने तीच चाल खालच्या पट्टीत, त्यांच्या कानाजवळ तोंड नेऊन वाजवून दाखवली. पहिल्यांदा नीट जमली नाही. बाबा म्हणाले, "परत." मग परत. त्यानंतर रोज सकाळी चहाच्या आधी तेवढाच कार्यक्रम. पक्षी झाडावर आणि नातू कानापाशी.

संध्याकाळी सगळ्यांचे पाय घोट्यापर्यंत लाल. आई व्हरांड्याच्या पायरीवर बसून भाचीचे पाय धुवायची. तांब्यातून धार सोडायची आणि बोटांच्या बेचक्यांतून अंगठा फिरवायची. पाणी विटकरी होऊन पायरीवरून खाली जायचं. नऊ वर्षांची मुलगी, घरी कुणाला हातही लावू देत नाही, इथे रोज स्वतःहून पाय पुढे करायची.

आणि एक गोष्ट अशी कळली जी आम्हा भावंडांना माहीतच नव्हती. आई-बाबा लग्नानंतर १९७६ साली दोन दिवस माथेरानला आले होते, छोट्या गाडीने, वाफेच्या इंजिनाच्या. आई म्हणाली, "नेरळपासून वरपर्यंत हे माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, मी आवडले नाही." बाबांनी ते ऐकलं. थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "डब्यात गिरणीतले आमचे साहेब होते. त्यांच्यासमोर बायकोशी कसं बोलणार?" आईने हे आत्ता पहिल्यांदा ऐकलं. इतक्या वर्षांनी! ती उठून आत गेली आणि चहा करायला सांगून आली. तिला काय वाटलं ते मी विचारलं नाही.

तुम्हीही असे कुठे राहिला असाल, महाबळेश्वर, तोरणमाळ, आंबोली, हिमालय, मामाचं गाव, तर लिहा. पॉइंटांची यादी नको. माणसांबद्दल लिहा.

घाटमाथ्यावरची | २४ मे, रात्री ११:०५

कानाच्या यंत्राचं वाचून थांबले. माझ्या आईचं अगदी हेच. डॉक्टरांनीही सांगितलं होतं की गोंगाटात यंत्राचा उपयोग कमी होतो, समोरासमोर बसून एकेकाने बोला. आम्ही ऐकलं आणि विसरलो. उद्या तिच्याकडे जाणार आहे, टीव्ही बंद करून बसेन.

पाटावरवंटा | २५ मे, सकाळी ८:२०

लालमाती, सुंदर लिहिलंयस. पण मला एक स्पष्ट बोलायचं आहे.

आमच्या सासरी दरवर्षी मे महिन्यात सगळे एकत्र पाचगणीला जायचे. बंगला भाड्याने, स्वयंपाकघरासकट, म्हणजे "घरचं जेवण होईल". बारा-चौदा माणसं. आम्ही तिघी जावा. सकाळचे पोहे संपेपर्यंत दुपारची कणीक, दुपारची भांडी होईपर्यंत भजी. पुरुष गॅलरीत, मुलं बाहेर, सासूबाई देखरेखीला. मी सलग नऊ वर्षं गेले आणि टेबललँड दोनदा बघितलं. लोक म्हणतात "काय मजा यायची ना तेव्हा". हो, यायची, ज्यांना यायची त्यांना.

कुटुंबाचा निवांत वेळ म्हणतो तेव्हा तो कुणाच्या जिवावर निवांत आहे, हे धाग्यावर यायलाच हवं. म्हणून लिहिलं.

लालमाती | २५ मे, सकाळी ९:४५

पाटावरवंटा, तुझं शंभर टक्के बरोबर आहे. हा मुद्दा मीच लिहायला हवा होता. आम्ही यंदा ठरवूनच जेवणासकट राहायची जागा घेतली. चहा, नाश्ता, दोन वेळचं जेवण सगळं त्यांच्याकडे. थोडे जास्त पैसे गेले. त्याआधी एकदा आम्हीही स्वयंपाकघर असलेली जागा घेतली होती आणि वहिनी परत येऊन दोन दिवस झोपून होती.

वहिनी "मी इथे बसणार आहे" म्हणाली, त्याला हेही कारण होतं. चोवीस वर्षांच्या संसारात तिला कुणी विचारलं नव्हतं की तुला काय करायचंय. तिला काहीच करायचं नव्हतं. तिने तीन दिवस लोकरीचं विणकाम केलं आणि दुपारी झोपली. चौथ्या दिवशी एकटी शार्लोट तलावापर्यंत चालत जाऊन आली. कुणी सोबत येऊ का विचारलं तर नको म्हणाली. माझ्या मते सगळ्यांत चांगली सुट्टी तिची झाली.

दुपारचं_ऊन | २५ मे, दुपारी १:१०

मला अगदी व्यवहारातला प्रश्न आहे. सासूबाई ७६ वर्षांच्या, दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली. सपाटीवर हळूहळू चालतात, चढ जमत नाही. त्या म्हणतात तुम्ही जा, मी घरीच बरी. त्यांना सोडून जायचं नाहीये. वर कसं न्यायचं? आणि मे महिन्यात माथेरान गार असतं का?

लालमाती | २५ मे, दुपारी ३:३०

गार म्हणशील तर दुपारी नाही. साधारण ८०० मीटरच उंची आहे, दुपारचं ऊन लागतं. पण झाडी दाट आहे, सावलीत बरं वाटतं, आणि रात्री पांघरूण लागतं. दुपारी बारा ते चार बाहेर पडूच नका.

वर न्यायचं असं : नेरळपर्यंत लोकल किंवा गाडी. तिथून टॅक्सीने दस्तुरी नाका, जेमतेम अर्धा तास. पुढे गावापर्यंत अडीच-तीन किलोमीटर, ते चालवू नका. दस्तुरीजवळच अमन लॉज स्टेशन आहे, तिथून छोट्या गाडीची शटल थेट माथेरान बाजारात जाते. बाबांना आम्ही शटलने नेलं. डब्याची पायरी फार उंच नाही, पण हात धरायला दोघं जण ठेवा. ई-रिक्षाही आहेत, पण रांग असते. नेरळपासून वरपर्यंतची पूर्ण गाडी हवी असेल तर अडीच तासांच्या आसपास बसावं लागतं आणि बाक अरुंद आहेत, शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्यांना मी तरी सुचवणार नाही.

एक सावधगिरी. आम्ही तळमजल्याच्या खोल्या फोनवर पक्क्या केल्या होत्या, दोनदा विचारून. पोचलो तर वरच्या मजल्याच्या दिल्या, बावीस पायऱ्या. नाव लिहीत नाही. तासभर उन्हात बसून बोलणी केली तेव्हा एक खोली खाली मिळाली. तेव्हा "तळमजला, पायऱ्या नाहीत, कमोड आहे, न्हाणीघरात धरायला दांडा आहे" हे सगळं लेखी मागवून घे. आणि सासूबाईंना "चला" म्हणू नकोस. "तुमच्यासाठी तळमजल्याची खोली घेतलीय" असं सांग. घरीच बरी म्हणणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा आपली अडचण होईल याची भीती असते.

जुनाखलाशी | २५ मे, संध्याकाळी ६:५५

दोन गोष्टी.

एक, हातरिक्षा. आमच्या लहानपणी आजी हातरिक्षात बसायची. मागेपुढे माणसं ओढताढकलताना बघून मला तेव्हाही कसंतरी व्हायचं. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये ती प्रथा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा द्या म्हटलं. फार आधी व्हायला हवं होतं. ज्येष्ठांना नेताना ई-रिक्षाच घ्या आणि चालवणाऱ्याशी दोन शब्द बोला. त्यातल्या बऱ्याच जणांनी आयुष्याची कितीतरी वर्षं तीच चढण माणसं ओढत चढलेली आहे.

दोन, पॉइंटांच्या यादीवर इतका राग नको. माझे वडील ८१ वर्षांचे आहेत. त्यांना बघायचंच असतं. त्यांना बसवून ठेवलं तर ते आजारी पडतात. त्यांना माहीत असतं की १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट पहिल्यांदा वर चढला, १९०७ साली आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने स्वतःच्या पैशांनी रेल्वे बांधली, दोन फुटी रूळ, सुमारे २१ किलोमीटर. आम्ही पहाटे पॅनोरमा पॉइंटला गेलो. खाली रुळांची वळणं दिसत होती आणि ते दीड तास मला सांगत होते की उतारावर पूर्वी डब्याडब्यावर ब्रेकवाले बसायचे आणि इंजिनाची शिटी ऐकून हाताने ब्रेक आवळायचे. त्यांच्यासोबत उभं राहून ऐकणं हाच आमचा एकत्र वेळ. प्रत्येक घराचं वेगळं असतं.

लालमाती | २५ मे, रात्री ८:१५

मान्य. आणि ब्रेकवाल्यांचं बाबांनीही सांगितलं! रोज एकच पॉइंट, आणि ज्याला जायचंय त्यानेच जायचं, असं केलं तर दोन्ही जमेल.

वऱ्हाडवाट | २५ मे, रात्री ११:४०

माझं थोडं मोठं होईल.

वडील पशुवैद्यकीय अधिकारी होते, सगळी नोकरी यवतमाळ-वाशिमकडे. दोन वर्षांपूर्वी आई गेली. त्यानंतर ते बोलायचे, पण फक्त कामाचं. गॅस संपला, औषध आणायचंय, एवढंच. गेल्या मे महिन्यात मी, बायको आणि सोळा वर्षांची मुलगी त्यांना घेऊन कुमाऊँमध्ये मुक्तेश्वरला गेलो. काठगोदामपर्यंत रेल्वे, पुढे गाडी. सुमारे २२०० मीटर उंची, देवदार आणि बांज, म्हणजे तिथल्या ओकची झाडी. नऊ दिवस एकाच घरात राहिलो. लोक म्हणाले नैनिताल-कौसानी-राणीखेत सगळं करून या, इतक्या लांब जाताय. नाही केलं.

मुक्तेश्वर मी का निवडलं ते त्यांना आधी सांगितलं नव्हतं. जनावरांच्या रोगांवर काम करणारी देशातली पहिली मोठी प्रयोगशाळा १८८९ मध्ये आपल्या पुण्यात सुरू झाली. पण संसर्गाचे जंतू हाताळायला वस्तीपासून दूर, थंड जागा हवी म्हणून १८९३ साली ती मुक्तेश्वरच्या जंगलात हलवली. तीच पुढे भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था झाली. मुख्य काम होतं बुळकांडीवर. ज्यांची घरं शेतीवर आहेत त्यांना हा शब्द माहीत असेल. बुळकांडी गावात शिरली की गोठेच्या गोठे रिकामे व्हायचे.

तिसऱ्या दिवशी फिरत फिरत त्या आवाराच्या बाजूला गेलो. वडिलांनी पाटी वाचली आणि तिथेच उभे राहिले. मग मुलीला म्हणाले, "या नावाच्या संस्थेची पुस्तकं वाचून मी परीक्षा दिल्या." आणि तिथून सुरुवात झाली. १९७०-८० च्या दशकात ते सायकलवर थर्मासमध्ये बर्फ भरून लस न्यायचे. लस पाण्यात मिसळली की लगेच टोचून संपवावी लागायची, म्हणून आधी सगळी जनावरं एका जागी उभी करून घ्यायची, मगच कुपी फोडायची. एका गावात लोक गुरं आणायला तयार नव्हते. आई तेव्हा नवी नवरी, तीही सोबत गेलेली. तिने बायकांशी चुलीपाशी बसून बोलणं केलं आणि तासाभरात गुरं आली. "लस मी टोचली, पण गाव तुझ्या आजीने आणलं," असं ते मुलीला म्हणाले. आईचं नाव त्यांनी कितीतरी महिन्यांनी उच्चारलं.

मुलीने विचारलं, "मग आता बुळकांडी कुठे असते?" ते म्हणाले, "कुठेच नाही. २०११ साली जगातून संपली. माणसांतली देवी आणि जनावरांतली बुळकांडी, दोनच रोग आपण मुळासकट घालवले." तिला हे शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या आजोबांचे हात त्यात होते हे मलाही इतकं स्पष्ट कधी वाटलं नव्हतं.

हिमशिखरांसाठी जाणाऱ्यांना सांगतो, मे महिन्यात बहुतेक दिवस धुरकट असतात. आम्हाला नऊपैकी दोनच सकाळी त्रिशूळ आणि नंदादेवी स्वच्छ दिसली, दोन्ही आदल्या रात्रीच्या पावसानंतर. बाकीचे दिवस आम्ही काफळ खात बसलो. लाल, करवंदाहून लहान, बी मोठी आणि गर नावापुरता. वडील बिया मोजायचे. बायकोने विचारलं कशाला मोजताय, तर म्हणाले, "तुझ्या सासूसाठी किती ठेवली असती ते बघतोय." आणि खरंच मूठभर काफळं रोज बशीत वेगळी काढून ठेवायचे. संध्याकाळी नातीला द्यायचे.

घाटमाथ्यावरची | २६ मे, सकाळी ७:३०

वऱ्हाडवाट, वाचून डोळे भरले. बुळकांडी शब्द माझ्या आजोबांच्या तोंडी होता. काकांना नमस्कार सांगा.

काजवा_अकोले | २६ मे, दुपारी १२:०५

आमच्या भागाबद्दल लिहितो. भंडारदरा, घाटघर, रतनवाडी. मामाचं गाव तिथेच, कळसूबाईच्या सावलीत. मेच्या शेवटच्या आठवड्यापासून पहिला मोठा पाऊस पडेपर्यंत हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर काजवे येतात. सगळं झाड एकदम पेटतं, एकदम विझतं, शेजारचं झाड त्याच्या मागोमाग. मी दर वर्षी मुलांना घेऊन जातो.

पण आता शनिवार-रविवारी रात्री रस्त्याला गाड्यांची रांग लागते. हेडलाइट, गाणी, मोबाइलचे टॉर्च, झाडाखाली जाऊन फांदी हलवणं. काजव्याचा उजेड हे त्यांचं एकमेकांना बोलावणं असतं. आपण उजेड पाडला की ते बोलावणं पोचत नाही. पंख फुटल्यावर त्यांना जेमतेम दोन-तीन आठवडे मिळतात, त्यातली रात्र आपण वाया घालवतो. कृपा करून मधल्या वारी या, गावातल्या घरी राहा, गाडी गावात ठेवून गावातल्या माणसासोबत चालत जा.

अंधारात बसायची एक पद्धत मामाने शिकवली. पहिली पंधरा मिनिटं काहीच दिसत नाही, मुलं कुरकुर करतात. त्या पंधरा मिनिटांत मामी हात धरून प्रत्येकाचं नाव घेते, कोण कुठे बसलंय ते कळावं म्हणून. एक फेरी झाली की परत पहिल्यापासून. तिसऱ्या फेरीपर्यंत डोळे सरावतात. माझी मुलगी आता अकरावीत आहे, पुण्यात असते. तिला काजव्यांपेक्षा मामीची ती नावांची फेरी आठवते, कारण अंधारात मामीचा हात खरबरीत लागायचा.

नवीनपालक | २६ मे, संध्याकाळी ५:२०

किशोरवयीन मुलांच्या फोनचं काय केलंत? आमचा पंधरा वर्षांचा आहे. गेल्या वर्षी आम्ही फोन काढून घेतला, तीन दिवस घुम्यासारखा बसला. सगळ्यांची सुट्टी कडू झाली.

लालमाती | २६ मे, रात्री ९:००

आम्ही काढून घेतला नाही. पहिल्या दिवशी तो फोनमध्येच होता. बदल झाला तो मेंढीकोट या पत्त्यांच्या खेळामुळे. चार भिडू लागतात. आई, बाबा, दादा बसले आणि चौथा कमी पडला. बाबा म्हणाले, "ये रे, माझा भिडू हो." त्याला खेळ येत नव्हता. बाबांनी पत्ते हातात दिले आणि फक्त एवढंच सांगितलं, "दहिल्या सांभाळायच्या. बाकी मी बघतो." पहिले दोन डाव हरले. बाबा रागावले नाहीत, पण प्रत्येक डाव संपल्यावर कुठलं पान कधी टाकायला हवं होतं ते पूर्ण सांगायचे, त्याच्याच पानांवरून. त्यांना सगळी पानं आठवतात! मुलाला ते थक्क करणारं वाटलं. तिसऱ्या रात्री दोघांनी मिळून चारही दहिल्या घेतल्या तेव्हा तो ओरडला आणि बाबांनी टाळी दिली.

माझ्या मते त्याला फोन सोड म्हणण्यापेक्षा त्याची गरज आहे असं काहीतरी असावं लागतं. चौथा भिडू ही खरी गरज होती. आम्ही नाटक केलं असतं तर त्याने लगेच ओळखलं असतं.

सातासमुद्रापार | २७ मे, पहाटे ४:५०

न्यू जर्सीहून लिहितेय. आमचं उलटं असतं. आई-बाबा भारतातून सहा महिन्यांसाठी येतात आणि आम्हाला वाटतं आता भरपूर वेळ आहे. आम्ही सकाळी कामाला, मुलं शाळेत, ते दोघं घरात. सहा महिन्यांत सगळे एकत्र असे मोजून किती तास?

गेल्या जूनमध्ये त्यांना व्हर्जिनियात शेनान्डोआला नेलं. डोंगराच्या कण्यावरून १०५ मैलांचा स्कायलाइन ड्राइव्ह आहे, ताशी ३५ मैलांच्या वर जायची परवानगी नाही. नवऱ्याला आधी जिवावर आलं. मग लक्षात आलं की मागच्या सीटवर आई बोलतेय आणि मला सगळं ऐकू येतंय, कारण गाडी हळू आहे. आईने तिखटमिठाच्या पुऱ्या करून घेतल्या होत्या. बिग मेडोजच्या गवतात हरणं चरत होती आणि बाबा लेंग्यावर स्वेटर घालून, हात मागे बांधून, अगदी आमच्या साताऱ्याच्या यवतेश्वराच्या रस्त्यावर चालायचे तसे चालत होते. म्हणाले, "हवा तीच आहे गं." तीन रात्री राहिलो. सहा महिन्यांतलं मला तेवढंच तपशिलात आठवतं.

पाटावरवंटा | २७ मे, सकाळी १०:१५

पुऱ्या आईनेच केल्या ना? 🙂 पण छान लिहिलंत. आमच्या जावाजावांचा गट आहे, त्यावर हा धागा पाठवला. धाकटीचा लगेच फोन आला. यंदा आम्ही तिघीच तीन दिवस आंबोलीला जातोय, जेवणासकट जागा घेऊन. मुलं-नवरे घरी. नऊ वर्षं एका ओट्यापाशी उभ्या होतो, त्यामुळे एकमेकींना ओळखतो असं वाटत होतं. पण फोनवर धाकटी म्हणाली की तिला पोहायला येतं, शाळेत बक्षिसं मिळवलेली. मला हे माहीत नव्हतं.

दुपारचं_ऊन | २७ मे, दुपारी २:४०

लालमाती, तू लिहिलेलं तसंच सांगितलं : "आई, तुमच्यासाठी तळमजल्याची खोली घेतलीय." त्यांनी आधी विचारलं, "कमोड आहे ना?" आणि मग दुपारभर कपाटातून शाल शोधत होत्या. ३ जूनचं ठरलं. पावसाची भीती वाटतेय.

लालमाती | २७ मे, दुपारी ४:०५

किती बरं वाटलं! जूनच्या पहिल्या आठवड्यात सर आली तर येऊ दे, छत्री आणि पकड असलेली पादत्राणं घे, लाल माती ओली झाली की फार निसरडी होते. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज गाडी बंद असते, अमन लॉज-माथेरान शटल मात्र चालते. माकडांपुढे खाण्याची पिशवी हातात धरू नका, चष्मासुद्धा सांभाळा. पत्त्यांचा जोड विसरू नकोस.

दुपारचं_ऊन | ४ जून, संध्याकाळी ६:३०

व्हरांड्यातून लिहितेय. काल पोचलो. शटलच्या पायरीपाशी दोघांनी हात धरला, सासूबाई म्हणाल्या एकच पुरे. खोली खरंच तळमजल्याची, लेखी घेतलं होतं.

आज दुपारी पाऊस पडून गेला. मातीचा वास, आणि समोरच्या जांभळावरून अजून टपटप चालू आहे. तो पक्षी पहाटे ऐकला. सासूबाईंनी आधी ऐकला आणि मला उठवलं. "ऊठ गं, कुणीतरी शीळ घालतंय," म्हणाल्या. मग आम्ही दोघी शाली घेऊन इथे येऊन बसलो. उजाडेपर्यंत त्या त्यांच्या माहेरच्या विहिरीबद्दल सांगत होत्या, तिथे पावसाच्या आधी बेडूक कसे ओरडायचे, आणि त्यांचा भाऊ त्यांना घाबरवायला एक बेडूक परकराच्या ओच्यात टाकायचा. त्यांना भाऊ होता हे मला आज कळलं. लहानपणीच गेला.

बाकीचं परत आल्यावर लिहीन. पत्ते वाटून झालेत, त्या हाक मारतायत, चौथा भिडू मी आहे.